गोरं करून मिळणार नाही

गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ती दोन बोटांनी हनुवटी उचलायची आणि चेहरा खिडकीकडे वळवायची. "उजेडात बघू दे की जरा." मग म्हणायची, "बरं हाय की समदं. काय बिघडलंय?" पार्लर चालवणाऱ्या बाईनं असं बोलावं का, तुम्हीच सांगा.

कराडात माझ्या ब्लाउज शिवायच्या दुकानाला लागून तिचं पार्लर होतं. मध्ये नुसता पत्रा, त्यामुळं मशीनवर बसूनही मला तिचं सगळं बोलणं ऐकू यायचं. ती मेढ्याकडची, रंगानं सावळी, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. दारावर तिनं स्वतःच्या हातानं लिहून कागद चिकटवला होता : 'गोरं करून मिळणार नाही.'

पुढं मुली मोबाइलमधला आपलाच फोटो घेऊन यायला लागल्या. रंग उजळवलेला, नाक बारीक केलेलं. "मावशी, अस्सं करा." ती फोटो निरखून बघायची आणि विचारायची, "ही कोण? तुझी भन व्हय?" मुली रुसायच्या, घरबसल्या क्रीम मागवायच्या. हळूहळू तिच्याकडे फक्त भुवया कोरायला येणाऱ्या उरल्या.

आता माझं सांगते. माझ्या पोरीला सांगलीचं स्थळ बघायला येणार होतं. फोटो बघून मुलाच्या आईनं फोनवर विचारलं, "प्रत्यक्षात किती उजळ आहे?" मी तशीच शेजारी गेले.

"मोबाइलवर सगळ्या पार्लरवाल्या विकतात ना, ती क्रीम मागवून दे."

"ताई, त्यात काय घालत्यात कुणाला ठावं? पोरगी लय छान हाय तुमची."

"छान आहे म्हणून कोण करून घेतंय? एवढंही होत नसेल तर पार्लर मांडलंयस कशाला?"

हे मी बोलले. ती बराच वेळ हातातल्या दोऱ्याला पीळ देत राहिली. मग तिनं क्रीम मागवली.

तीन आठवड्यांत पोरगी उजळली. स्थळ पसंती देऊन गेलं. ते बघून गल्लीतल्या आणखी चारजणी क्रीम मागायला आल्या. एकीला देऊन दुसरीला नाही कसं म्हणणार? दारावरचा कागद तिनं गुपचूप काढून टाकला.

क्रीम संपली आणि पोरीचा चेहरा पेटला. लालभडक चट्टे, बारीक पुरळ, उन्हात पाऊल टाकलं की आग. डॉक्टरनी डबी हातात घेऊन सांगितलं, यात स्टेरॉइड आहे. सांगलीकरांनी कळवलं, सध्या थांबू. पोरगी खोलीतून बाहेर येईना.

ती आमच्या घरी आली, पोरीपुढं जमिनीवर बसली. "मी दिली तुला. मला बोल, काय बोलायचं ते." पोरीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. आणि क्रीम मी मागितली होती, हे मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या डब्या टेबलावर मांडून तिनं मला मोबाइल धरायला सांगितला. "ही क्रीम मी विकली. चूक माझी हाय. घेतली आसंल तर डॉक्टरला दावा, तोंडाला लावू नगा." माझं नाव तिनं घेतलं नाही. मी तशीच मोबाइल धरून उभी राहिले.

व्हिडिओ कुठल्या कुठं पोचला. खाली लोकांनी लिहिलं : 'आधी स्वतःचं तोंड बघ.' 'हिनंच लावली वाटतं, म्हणून अशी झाली.' एकीनं तर विचारलं, 'ही क्रीम कुठं मिळेल?'

"वाचू नकोस गं," मी म्हटलं.

"आवं ताई, माझ्याच तोंडावर लिवलंय. मीच वाचू नगं व्हय?"

आरसे, खुर्ची विकून ती माहेरी निघून गेली. नंतर तिचा फोन कधी लागला नाही. माझ्या पोरीचा चेहरा निवळत आलाय, पण फोटो काढायचा म्हटलं की ती उठून जाते.

गेल्या महिन्यात पोरीनंच माझ्यापुढं मोबाइल धरला. कुठल्याशा नव्या क्रीमची जाहिरात. दोन चेहरे शेजारी शेजारी. उजवीकडं एक गोरीपान हसणारी मुलगी. डावीकडं ती, आमच्या व्हिडिओतून कापून घेतलेली, बोलता बोलता मध्येच थांबवलेली, ओठ उघडे. तिच्या गळ्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'आधी'.