भिवराबाईचा वाकड्या भोकांचा पावा

ताडकळसच्या बाजारात पावे विकायची ती भिवराबाई. नवरा होता तोवर तो भोकं पाडी अन् ही वेळू घासून गुळगुळीत करी. तो गेल्यावर दोन्ही कामं हिच्याच गळ्यात पडली. हाताची लय सबुरीची, पण तोंडाची फटकळ. बाई काय पावा करणार म्हणून कुणी हसलं, की ताडकन म्हणे, "घ्यायचा नसल तर दात दावू नगंस, पुढं व्हय!"

निजाम जाऊन पाच वर्षं झाली असतील. तिचा धाकटा भाऊ उमाजी राणीसावरगावच्या शिवारात मेंढरं राखी. डाव्या हातानं बाभळीचा पाला तोडताना कोयता निसटला अन् उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धं गेलं. बिरोबाच्या जत्रेत पालखीपुढं पहिला पावा वाजवायचा मान त्यांच्या घराण्याचा. यंदा उमाजीला वाजवता आलं नाही, तर तो मान गावातल्या दुसऱ्या पावेवाल्याच्या, चंद्रभानच्या घरात जाणार होता.

भिवराबाईनं नवा पावा केला, पण नवऱ्याच्या मापकाठीबरहुकूम. त्या काठीवरून तसूभर हलायचं नाही, हा तिचा हट्ट. झालं, थोटं बोट भोकापर्यंत पोचेना, वारा फसफस निसटू लागला.

"अक्का, ऱ्हाऊ दे. माजं वाजवणं सरलं," उमाजी म्हणाला, अन् तिनं मापकाठी बाजूला ठेवली. चूक भावाच्या बोटाची नव्हती, काठीची होती!

तिनं भंडारा पाण्यात कालवून त्याच्या बोटांना लावला, कोरा वेळू हातात दिला. "हाताला येतंय तसा धर."

वेळूवर पिवळे ठसे उमटले. पाच एका रांगेत, सहावा रांग सोडून बाजूला, जरा तोंडाकडं सरकलेला. तिनं सळई तापवली अन् बरोबर ठशावर भोक पाडलं. भोक तोंडाकडं सरकल्यानं सूर नको तितका चढला. मेला पावा चुलीत गेला. दुसऱ्यात भोक बारीक केलं, तरी चढाच. तिसऱ्यात आणखी बारीक केलं, तेव्हा सूर जागेवर आला.

जत्रेत चंद्रभाननं पावा उलटासुलटा करून पाहिला. "वाकडी भोकं! मान पाव्याला हाय, खेळण्याला न्हाई."

"तुजा सदरा तुज्या अंगाच्या मापानं शिवतोस न्हवं?" भिवराबाई कडाडली. "मंग पाव्याला बोटाचं माप नगं व्हय रं?"

म्हातारे पुजारी सटवाजी म्हणाले, "हुज्जत बास. चंद्रभान, तूच वाजव आधी."

चंद्रभानची बोटं धडधाकट, पण त्या भोकांवर ती बसेचनात. नुसती चिरचिर निघाली, अन् जत्रा खदखदून हसली. मग उमाजीनं पावा ओठाला लावला. पहिला सूर माळभर गेला, ढोल आपसूक मिळाले, पालखी हलली. भिवराबाई हसायलीही अन् डोळे पुसायलीही.

पुढच्या सोमवारी बाजारात चंद्रभान आला. मान खाली, पंजा पुढं केलेला.

"अक्का, माज्याबी बोटांचं माप घे."

"घेते की," भंडाऱ्याची वाटी ओढत ती म्हणाली, "आधी हात धुऊन ये, मेल्या!"