दोरीला हात लावला, वाट्याला बांगडे आले

मालवणला जायचं आणि मासे खायचे नाहीत! हा बेत ऐकून माझ्या कोल्हापूरच्या मैत्रिणी इतक्या हसल्या की विचारू नका. पण त्याला कारण होतं. गेल्या उन्हाळ्यात माझा नवरा सुहास हृदयाच्या दुखण्यानं दवाखान्यात पडला होता. डॉक्टर नीट बोलेनात, तेव्हा मी बाहेरच्या बाकड्यावर बसून देवाशी सरळ सौदा केला. प्रभू, याला घरी पाठव, मी जन्मात मासे खाणार नाही. मटण सोडायला हवं होतंस, असं सुहास नंतर म्हणाला. पण माझा जीव माशांत, आणि द्यायचं तर जिवाचंच द्यावं ना! सुहास घरी आला. आम्ही ख्रिस्ती, आमच्यात असले नवस बसत नाहीत, म्हणून पाळकसाहेबांना मी यातलं काही कळू दिलं नाही.

जानेवारीत डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं आणि आम्ही शाळा सुटल्यासारखे निघालो. गाडी मी चालवली, गाणी त्यानं म्हटली, दोन्ही बेसूर. राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट. घाट दिवसाउजेडीच उतरा, वळणं भारी आहेत. कणकवलीत चहा, कसालला उजवीकडे वळलात की नारळ दिसायला लागतात. रमतगमत पाच तास धरा. सुहासनं काच खाली करून वारा तोंडावर घेतला आणि उगाचच ओरडला. मीही ओरडले. मागचा दुचाकीवाला घाबरून पुढे निघून गेला.

मालवणात उतरलो फिलूमावशींकडे. किनाऱ्यापासून चालत जाता येईल असं कौलारू घर, खोलीचे अठराशे, सकाळचे घावणे त्यातच. अंगणात क्रूस, त्याला झेंडूचा हार, आणि वर नाताळची चांदणी अजून लटकलेली. वाऱ्यानं आपणहून पडेपर्यंत ती काढायची नाही, असा मावशींचा नियम. बाई पासष्टीच्या, हात सतत कामात. मी मासे खात नाही म्हटल्यावर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू आजारी मीच आहे. माझ्यासाठी त्यांनी काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं. झकास होतं, खोटं कशाला बोलू? पण शेजारी सुहासच्या ताटात सुरमई! मी मान वळवली की त्याचा चेहरा पडायचा. का ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीनं पाण्यात लांबलचक जाळं गोल टाकून येतात आणि त्याची दोन टोकं वाळूवरून माणसं ओढतात, दोन रांगा करून, तास न् तास. पदर खोचून मावशीही रांगेत. मला राहवलं नाही. चपला भिरकावल्या आणि शेवटच्या टोकाला दोरी धरली. ओढलं काय, कप्पाळ! जेमतेम चार हिसके दिले असतील नसतील, पाय घसरला आणि मी उताणी. अख्खी रांग हसली. मी पडल्या पडल्या हसत सुटले, उठायचं सुचेचना. तेवढ्यात जाळं काठाला आलं, आत बांगड्यांची नुसती तडफड, चांदीच चांदी, आणि मी वाळूनं माखलेली, लहान पोरीसारखी उड्या मारत होते.

मग वाटे पडले. मावशींनी तीन बांगडे माझ्या ओंजळीत टाकले.

"घे गो. दोरयेक हात लायलंस मां? मगे ह्यो तुझो वाटो."

मी म्हटलं, मी शेवटी आले आणि पडले, मी काय केलं?

"पडलेल्याकय वाटो आसता," म्हणाल्या आणि पुढच्याला वाटा द्यायला गेल्यासुद्धा.

मासे हातात गार लागत होते. परत करायला मी वळले, तर सुहास आडवा उभा.

"तू मासे सोडलेस म्हणून मी जगलो असेन," तो म्हणाला, "तर मी देवाच्या कृपेवर नाही, बांगड्यांच्या उपकारावर जगतोय. तू ताटातून तोंड वळवलंस की माझा घास अडकतो."

आठ महिने पोटात दडवलेलं शेवटी बोलून टाकलं. "मी खाल्ले आणि तुला पुन्हा काही झालं तर?"

"तर तेव्हाही देवच असेल. बांगडा नसेल."

मी तिथेच, माणसांत, भोकाड पसरलं. आणि रडता रडता हसू आलं, कारण एक बांगडा निसटून त्याच्या पायावर पडला होता. दुपारी मावशींनी त्या बांगड्यांचं झणझणीत तिखलं केलं, जोडीला वडे. जेवणाआधी प्रार्थना मी केली. मागायला काही सुचलं नाही, नुसतं थँक्यू थँक्यू म्हणत राहिले. पहिल्या घासाला सुहासकडे बघितलं. दुसऱ्याला नाही. पाचव्या वड्याला मावशींनी मोजणं सोडलं.

घरी येऊन आता महिना झाला. पिशवीतली कोकमं संपत आली, गाडीतली वाळू काही संपत नाही. रविवारी उपासनेनंतर आम्ही दोघं डबा घेऊन त्याच दवाखान्यात जातो. फेडायला नव्हे. ते कसं फिटणार? पोट भरलेलं आहे, हात रिकामा कसा ठेवायचा, एवढंच. गेल्या खेपेला माझ्याच बाकड्यावर एक बाई बसली होती. नवरा आत. मी आमटीभाताचा डबा पुढे केला तर म्हणाली, तो बरा होईपर्यंत मी भात सोडलाय.

मला पुष्कळ काही सांगता आलं असतं. सुहास माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "बसा, भाकरी घेऊन येते."

घर जवळच. दोन भाकऱ्या थापल्या, गरम गरम फडक्यात गुंडाळल्या आणि धावत आले. ती जेवेपर्यंत आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसून राहिलो.