मेमआत्याचं उन्हाशी वैर

सकाळी सकाळी सूर्याला शिव्या घालणारी बाई अख्ख्या उज्जैनमध्ये एकच होती, आमची मेमआत्या. लोक क्षिप्रेत उभे राहून अर्घ्य देत आणि ही खोलीतून आभाळाकडे बघून म्हणे, "आला मेला! एक दिवस सुट्टी नाही मेल्याला." जप करणारी आजी कानांवर हात ठेवी. आत्याला फिकीर नव्हती. "तुझा देव असेल तो, माझा वैरी आहे," असं ती तोंडावर सांगायची.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. जन्मतःच अंगात रंग नाही. कातडी दुधासारखी, केस आणि पापण्याही पांढऱ्या, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. देवास गेटवर बस धरायला गेली की पोरं मागे लागत, "ए अंग्रेज! लंदन की बस उधर से मिलेगी!" आत्या वळून म्हणायची, "तेरी अम्मा को भी ले चलूँ क्या? बेचारी का तुझसे पीछा छूटेगा." पोरं पांगत. दयामाया हा प्रकार तिच्याकडे नव्हता, आणि तिच्यावर तरी कुणी कधी केली होती?

आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी भुसावळहून इकडे आलेले. मुलगी अशी निघाली म्हटल्यावर आजीला कुणीतरी सांगितलं, तेल चोळून उन्हात बसवा, रंग चढेल. मग काय! रोज दुपारी आत्या गच्चीवर. कातडी लाल व्हायची, फोड यायचे, सालं निघायची. की पुन्हा तेल, पुन्हा गच्ची. पोर रडत दार वाजवायची आणि आजी आतून म्हणायची, "थोडं सोस गं बाई, उद्या लग्न व्हायचंय तुझं." लग्न काही झालं नाही. बघायला आलेली एक बाई तर चहा पिता पिता म्हणाली होती, "लड़की तो अच्छी है, बस धुल ज़्यादा गई." हे सगळं आत्या हसत सांगायची. मला त्या हसण्याची भीती वाटायची.

मग मी जन्मले, तश्शीच. आईबाबा हबकले, आजीने मात्र तेलाची बाटली काढली. आत्याने ती हिसकावून मोरीत ओतली, गच्चीला कुलूप ठोकलं आणि सख्ख्या आईला म्हणाली, "हिला उन्हात बसवलंस तर तुला त्याच गच्चीवरून ढकलीन." आजी कित्येक दिवस ताटावर बसून रडायची, असं आई सांगते. आत्या शेजारीच बसून आमटी वाढून घ्यायची.

तेव्हापासून मी तिच्या तावडीत. भर दुपारी घराबाहेर पाऊल नाही. जायचंच झालं तर लांब बाह्या, टोपी, छत्री, तोंडाला, मानेला, कानांना क्रीम, आणि दोन-तीन तासांनी पुन्हा क्रीम. भैरवगढ़च्या छापाच्या जाड चादरी लोक पलंगावर घालतात. आत्या त्यांचे मला गळाबंद कुर्ते शिवून घ्यायची. वर्गात मला 'बेडशीट' म्हणत. मी रडत घरी आले की ती म्हणे, "म्हणू देत. बेडशीटला कॅन्सर होत नाही."

एका रंगपंचमीला मी कुर्ता फेकला, मैत्रिणीचा बिनबाह्यांचा टॉप घातला आणि गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, बघायला पळाले. दुपारभर नाचले. संध्याकाळी रंग धुतला तर खांदे लालभडक. आत्याने विचारपूस केली नाही. भाजलेल्या खांद्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. मी किंचाळले. आई "अहो वन्सं, सोडा तिला!" म्हणत मधे पडली. आत्या दाबतच होती. "दुखतंय? छान. हे लक्षात ठेवलंस तर जगशील." मी तोंडावर म्हटलं, "तू मर!" ती म्हणाली, "मरणार आहेच. तू मरू नकोस."

दर रविवारी ती मला खिडकीशी उभी करून, नाक अंगाला लागेपर्यंत जवळ येऊन तपासायची. मान, पाठ, ओठ, सगळं. न भरणारी जखम, खरखरीत चट्टा, वाढणारा डाग दिसला की थेट डॉक्टर, हळदबिळद नाही. तिच्या स्वतःच्या कानामागे जखम झाली तेव्हा मात्र ती म्हणाली, चष्म्याची काडी लागते. आम्हीही तेच धरून चाललो आणि काडीला कापूस गुंडाळला. जखम भरेना. मानेत गाठ आली तेव्हा बाबांनी इंदूरला नेलं. कॅन्सर होता आणि तो पसरला होता. डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी उन्हात फार राहणं झालं का?" आत्या बोलायच्या आत आजी म्हणाली, "हो, मीच रोज बसवायची. रंग यावा म्हणून." डॉक्टर खाली मान घालून लिहीत राहिले. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "आई, ऊन आहे, डोक्यावर पदर घे." आजी तिथेच पायरीवर बसली, ती उठेचना.

ऑपरेशनात आत्याचा कान गेला, पण रोग काही थांबला नाही. शेवटी शेवटी जखमेला इतका वास यायचा की नातेवाईक दारातूनच चौकशी करून परतत. मी उशाशी बसायचे. एकदा माझं मनगट आवळून ती म्हणाली, "ऐक. मला दुपारी नेलं तर तू घाटावर यायचं नाहीस. माझ्यामागे उन्हात आलीस तर चितेवरून उठून थोबाडीत मारीन."

मे महिन्यात एका सकाळी ती गेली. संध्याकाळपर्यंत थांबा म्हणून मी बाबांच्या पाया पडले. इतक्या गरमीत ठेवता येणार नाही, असं सगळ्यांचं ठरलं आणि भर दुपारी तिला उचललं. तिला मूलबाळ नव्हतं. होते ती मीच. मला धावत मागे जायचं होतं, तिच्या पायांना एकदा तरी मिठी मारायची होती. मी उठले नाही. काकू दारात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जन्म घातला हिच्यापायी, आणि ही बया गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा आली नाही!" बाबांनीही एकदा वळून माझ्याकडे बघितलं. 'राम नाम सत्य है' लांब जात जात ऐकू येईनासं झालं. मी दार लावून घेतलं आणि आत, सावलीत बसून ऊर फुटेपर्यंत रडले.