हात न लावता निवडलेलं कातडं

हवाई दलात मी नऊ वर्षं काढली आणि विमानात एकदाही बसलो नाही. हे ऐकलं की लोक हसतात, म्हणून मीच आधी सांगून टाकतो. वैमानिकांची पॅराशूट, पट्टे, कपडे यांची डागडुजी करायचं माझं काम. उत्तरेकडच्या त्या तळावर सकाळी हाडं गोठायची. आम्ही बनियनवर बनियन चढवून कुडकुडत उभे, आणि साहेब लोक कातडी जाकिटं घालून ऐटीत यायचे. त्यातलं एक जाकीट जुन्या महायुद्धातल्या घाटाचं होतं. कमरेपर्यंतचं, पितळी चेनचं, मनगटाला आणि कमरेला विणलेली पट्टी. ते चेन बदलायला माझ्याकडे आलं, तेव्हा साहेबांना विचारून मी त्याचा तुकडा न् तुकडा वर्तमानपत्रावर आखून घेतला.

थंडीसाठी करून घेतोय, असं मी सगळ्यांना सांगायचो. साफ खोटं. मला ते गावासाठी हवं होतं. केनवडकडच्या आमच्या गावात एसटीतून उतरावं, ते जाकीट घालून पारावरून चालत जावं आणि ज्यांनी मला कधी धड नावानं हाक मारली नाही त्यांनी माना वळवून बघावं, एवढंच माझं स्वप्न. सांगताना आजही लाज वाटते, पण त्या स्वप्नावर मी तिथले दिवस ढकलत होतो. तळावर माझी भाषा बोलणारं कोणी नव्हतं. आई मी नोकरीवर असतानाच गेली, आणि तार माझ्या हातात पडेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. घरी बाबा एकटे राहिले.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात महिन्याची सुट्टी घेऊन आलो. बाबा भाकरी थापायचे, मी वरणाकडे बघायचो, आणि जेवताना बोलायला विषय सापडायचा नाही. मी तळावरचं काही सांगू लागलो की ते "हं" म्हणत. माझं सांगून संपलं की पुन्हा दोघांच्या चावण्याचा आवाज. इतक्या लांबून ज्या माणसासाठी आलो त्याच्याशी दोन वाक्यं धड होत नाहीत, याचा मला संताप यायचा, आणि तो मी भांड्यांवर काढायचो.

वाशीमला जीपच्या गाद्या शिवणारा एक शिंपी होता. माझे कागद बघून तो जाकीट शिवायला तयार झाला. कातडं मात्र मी आणायचं होतं. शिवण मला टाक्याटाक्यानं पाठ होती, पण कातड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ज्याला कळत होतं तो माणूस रोज माझ्यासमोर बसून भाकरी खात होता.

छप्पन सालापर्यंत गावातली मेलेली ढोरं ओढून नेणं आणि सोलणं हे आमच्या वस्तीकडे होतं. त्या वर्षी बाबा नागपूरला जाऊन बौद्ध झाले, परत आले आणि सोलायची सुरी विहिरीत टाकली. वस्तीनं ढोरं ओढणं बंद केलं. गावानं आमची मजुरी बंद केली, दळणही बंद केलं. मी लहान होतो, पण ती उपासमार मला आठवते. बाबा मागे फिरले नाहीत. पुढे त्यांनी कातड्याला हात म्हणून लावला नाही. पायात चपलासुद्धा टायरच्या घालायचे.

हे सगळं ठाऊक असून मी त्यांना विचारलं, "बाबा, कातडं पाहाले चालता का वाशीमले?"

त्यांनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवून खाल्ला. मी मनात म्हटलं, झालं, आता हेही नाही. मग त्यांनी विचारलं, "कोन्या जनावराचं घेनार हायेस?"

"तेच तं मले समजत नाही."

"येतो. पन हात लावनार नाही मी."

दुकान एका म्हाताऱ्या मुसलमान व्यापाऱ्याचं होतं. आत कातड्यांच्या थप्प्या आणि बाभळीच्या सालीचा उग्र वास. बाबा उंबऱ्याबाहेर उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. मी माझ्या अकलेनं एक बैलाचं कातडं ओढून काढलं. जाड, तपकिरी, चकचकीत. मला तेच पाहिजे होतं.

"उजेडात आन," बाबा बाहेरून म्हणाले. मी आणलं. "आता उलटं कर. आतून बोट फिरव. मुळ्यांवानी रेघा लागून राह्यल्या का?"

लागत होत्या. बारीक, फांद्या फुटलेल्या.

"शिरा हायेत त्या. रगत आतच राह्यलं त्याचं. थे कापलेलं नाही, आपोआप मेलेलं ढोर हाये. ठेव तठीच."

आवाज ऐकून व्यापारी गादीवरून उठला, चष्मा सावरत दारापर्यंत आला आणि बाबांकडे बघत राहिला. "भाऊ, तुमी? कितीक वर्सांनी," म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुहा बाप आनायचा थे कातडं हातात घेतलं की वळखू येत होतं. सुरीचा एक काप नाही लागलेला. इतका साफ हात मी दुसरा पाह्यला नाही."

बाबांची तारीफ मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलेलं होतं.

त्यानंतर तासभर मी आत आणि ते बाहेर, असं आमचं चाललं. मेंढीचं मऊ असतं पण फाटतं, म्हणून नको. म्हशीचं अंगावर ओझं होईल. बकरीचं घे. पाठीकडचं ओढून पाहा, ताणलं नाही पाहिजे. पोटाकडचं सैल असतं, ते बाह्यांना लावू देऊ नको. नखानं दाब, वळी पडून निघून गेली पाहिजे. गोचिडाचे डाग बघ. बोटं माझी होती आणि ते सांगतील तिथे जात होती. सात कातडी निघाली, सगळी एका रंगाची, एका जाडीची. इतका वेळ आम्ही दोघं आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मला इतकं बरं वाटत होतं की आणखी दोन घ्यावीत असं मनात आलं, उगाच.

परत येताना एसटीत मी विचारलं, "तुमाले जमत नोतं तं काहून आले?"

"तू एकटा गेला असता तं थे पयलंच घेतलं असतं," ते म्हणाले. "मेलेल्या ढोराचं तुह्या आंगावर नोको होतं मले. तेवढ्यासाठी आलो."

माझ्या जाकिटाच्या हौसेपायी त्यांना कुठवर नेऊन उभं केलं होतं, हे मला त्या सीटवर कळलं. माफी मागायची आमच्या घरात रीत नव्हती, म्हणून मी त्यांना खिडकीकडची जागा दिली.

जाकीट सुरेख झालं. मी ते घालून पारावरून गेलो. माना वळल्या. एका थोराड माणसानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "झकास हाये रे. बापानंच सोललं काय?"

चार-पाच जण हसले. त्यात फार विखारसुद्धा नव्हता, सवयीचं हसू होतं. मीही हसलो. तेच मला अजून सलतं, की मीही हसलो. घरी आलो आणि जाकीट पेटीत टाकलं. बाबा ओट्यावर बसले होते. पार आमच्या घरापासून लांब नव्हता, पण त्यांनी काही विचारलं नाही.

तळावर परत गेलो, आणि थंडीपायी ते जाकीट अंगावर चढलंच. एका सकाळी ज्यांच्या जाकिटाचे कागद काढले होते तेच साहेब माझ्यापाशी थांबले. त्यांनी माझी बाही चिमटीत धरली, कडा उलटून आतून पाहिली. एकही काप नाही, एक शीर नाही, सगळी कातडी जुळणारी, असं काहीतरी स्वतःशीच म्हणाले. मग विचारलं, "ये चमडा किसने चुना?"

माझ्या वडिलांनी, एवढंच म्हणायचं होतं. पण मग ते विचारतील की वडिलांना कसं कळतं. मग सांगावं लागेल. पारावरचं हसू माझ्या कानात शिरलं आणि मी म्हणालो, "दुकानदार ने दिया, साहब. हमें क्या पता इसका."

ते मान हलवून विमानाकडे गेले. त्यांनी पुढे काही विचारलंही नसतं, असं आता वाटतं.

पुढच्या सुट्टीत आम्ही तसेच समोरासमोर जेवत होतो. बाबांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि ताटाकडे बघत विचारलं, "तठी कोनी पाह्यलं का थे कातडं? काही म्हनलं का?"

"नाही," मी म्हणालो. "कोनाचं ध्यान नाही गेलं."

"हं," ते म्हणाले, आणि भाकरी मोडली.