घोड्याला आधी पाणी

शिरूर-दौंड एसटीत शेजारी बसलेल्या धनगर मामांमुळे माझी नोकरी टिकली. त्यांचं नाव विचारायचं मात्र राहिलं.

कारखान्यात माल बिघडवून, घाबरून मी कायमचा गावी निघालो होतो. तसं मामांना सांगितलंही. माझ्या मोबाइलवर एका जुन्या काउबॉय पिक्चरवरून नव्यानं काढलेला पिक्चर चालू होता. मामा वाकून बघत होते. हिरोनं आधी घोड्याला पाणी पाजलं, तशी त्यांनी मांडीवर थाप मारली.

“जुना जत्रंत बघितलाय. त्यात ह्यो आधी सोताच प्यायचा! आमी घोडं पाजल्याबिगर पीत न्हाई. पुन्यांदा करताना सुधारलं बघ त्येंनी. तू बी जा की पुन्यांदा कामावर.”

मग बाटली उघडून त्यांनी आधी माझ्यापुढं धरली.

दौंडला उतरून मी परतीची एसटी धरली. मामा, हा पिक्चर तुम्हाला एक दिवस मोठ्या पडद्यावर दाखवीन.