चंपाबाईंचा बंद फोन

श्रीमती रखमा धोंडू पाष्टे (१९५१–२०२३) घोडपदेवला आमच्याच चाळीत राहत आणि खानावळ चालवीत. गिरण्या बंद पडल्या तरी खानावळ टिकली. गुडघ्यांनी मात्र त्यांचे गावी जाणे थांबविले. कोकणातल्या गावी धाकटी बहीण चंपा एकटी राहत असे. तिला त्यांनी मोबाइल धाडला. महिनाभर दोघी रोज बोलल्या. मग फोन बंद झाला, तो बंदच राहिला. गावात रेंज जाते, असे गावाहून येणारे सारे सांगत.

म्हणून रखमाबाईंनी टॉवरसाठी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला आणि मला त्यांच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाच्या सभेला नेले. मुंबईतल्या या मंडळाच्या संमतीशिवाय गावकीचा, म्हणजे गावच्या पंचांचा, निर्णय पक्का होत नसे. सभेत बायका बसत नसत. रखमाबाई उंबरठ्यावर उभ्या राहिल्या.

अध्यक्ष विकास यांनी अर्ज उघडलाही नाही. टॉवर केव्हाच उभा राहिला, असे ते म्हणाले. मग, पाणी किती वाजता येते हे सांगावे तितक्या शांतपणे, त्यांनी सांगितले की बायकांनी स्वतःजवळ फोन ठेवू नये असे गावकीने ठरविले होते. इतर बायकांनी ते घरच्या पुरुषांकडे दिले. चंपाबाईंच्या घरी पुरुष नव्हता, आणि गावकीचा प्रमुख असलेल्या गावकाराच्या हाती फोन द्यायला त्या तयार झाल्या नाहीत. त्यांना वाळीत टाकले गेले. घरात वीज नव्हती. ज्या दुकानात त्या फोन चार्ज करीत, तिथे त्यांना उभे करीनासे झाले.

त्या निर्णयाला संमती याच खोलीत मिळाली होती, आणि ती देणारी माणसे रखमाबाईंच्या हातचे जेवत होती.

"माझ्या भनीला वाळीत टाकलंत, आनि मला कळवलं पन नाय?"

"कळवलं असतं तर तू बोलायला गेली असतीस, मावशी. बोलेल त्याला पण तोच नियम. आम्ही तुला वाचवली."

कोणाची मान खाली गेली नाही. मागून एकाने उद्या डब्याला भाजी कोणती, हेही विचारले.

दुसऱ्याच दिवशी रखमाबाई उन्हावर चालणारा चार्जर घेऊन गावी गेल्या आणि बहिणीजवळ राहिल्या. तिथेच तापाने त्या वारल्या. खांदा द्यायला खाडीपलीकडून चौघे आले; गावातून कोणी नाही. हे चंपाबाईंनी मला त्याच फोनवरून सांगितले.

त्यांनी पोलिसांत तक्रार केली. वाळीत टाकणे हा गुन्हा आहे, हे मंडळाला तेव्हा पटले. बहिष्कार मागे घेतल्याचे लिहून मिळाले. खटला अजून चालू आहे. मंडळातल्या एकानेही चंपाबाईंना अद्याप फोन केलेला नाही.