चिमा झंपरवाली

रत्नागिरीतल्या परटवण्याच्या चिमाला शिवणाचं वेड कुठून लागलं, हे तिच्या सासूला कधी कळलं नाही. सोनूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्यात बायका लावणी करतात, गवत कापतात, लाकडं आणतात. ही बया फाटकं दिसलं की सुई घेऊन बसते. आणि फाटकं तरी आपलं नाय हो, शेजारणीचं!"

चिमाचं माहेर आत संगमेश्वराच्या बाजूला. दहा वर्षांची असताना तिनं एक गोधडी शिवली होती. तिच्या चारी काठांना चार तऱ्हांचे टाके होते. घरी पाहुणा आला की ती अंथरली जायची आणि पाहुणा बसण्याआधी तिच्याकडे बघत राहायचा. चौदाव्या वर्षी तिचं लग्न गंगारामशी झालं. तो मुंबईला कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. शिमग्याला आगबोटीनं यायचा, पंधरा दिवस राहायचा की परत. पदरी मूल नव्हतं. चिमा सासूजवळ राहून झाडगावातल्या एका वकिलांच्या घरी धुणीभांडी करायची.

त्या काळी रत्नागिरीच्या बायका खणाच्या चोळ्या घालत, पुढे गाठ मारलेल्या. शिंप्याकडे जुनी चोळी पाठवायची, तीवरून तो नवी बेतायचा. बाईमाणसाच्या अंगाला शिंप्यानं दोरी लावायची, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. अशात एकोणीसशे पंचवीस सालच्या सुमारास वकिलांनी मुंबईहून बायकोसाठी झंपर आणला. पांढराशुभ्र, कमरेपर्यंत लांब, गळ्याला लेस आणि पाठीवर बटणं. वकिलीणबाई तो घालून देवळात गेल्या, तेव्हा निम्म्या बायकांचं कीर्तनात लक्ष नव्हतं.

चिमा तो झंपर धुवायची तेव्हा उलटा करून निरखायची. बाही खांद्याला लागलीय खरी, पण एक सुरकुती नाही. गोल भोकात गोल बाही बसवायची आणि चुणी पडू द्यायची नाही, हे जमलं कसं? चार महिने ती या कोड्यानं कासावीस झाली होती. एका दुपारी वकिलीणबाई हळदीकुंकवाला गेल्या आणि चिमानं मागच्या पडवीत बसून सुईच्या टोकानं एक बाही उसवली. नुसती बघायची आणि परत लावायची, एवढंच मनात होतं. पण एक बाही सुटल्यावर दुसरी, मग बगल, मग गळा. वकिलीणबाई लवकर परतल्या तेव्हा त्यांचा झंपर पडवीभर पसरला होता.

"चिमे! हे काय केलंस?"

"उसवलं, वहिनी."

"ते दिसतंय मला. पण का?"

"आत काय हाय ते बघायचं होतं."

"आत मी असते! दुसरं काय असणार?" वकिलीणबाई कडाडल्या आणि स्वतःच्याच बोलण्याचं त्यांना हसू फुटलं. ते दाबण्यासाठी त्यांनी पदर तोंडाला लावला.

चिमानं तेवढीच संधी साधली. "वहिनी, तुमचा उजवा खांदा उतरता हाय. कापणाऱ्यानं तुम्हाला बघितलेलंच नाय. म्हणून तर तुम्ही बसल्या जागी सारखा गळा वर ओढता. दिवेलागणीपर्यंत मला द्या. जोडते, आणि तुमच्या अंगाचा करते."

वकिलीणबाई झंपर तसाच तिच्यापुढे सोडून आत गेल्या. दिवे लागले तेव्हा झंपर जोडून झाला होता. त्यांनी घातला, हात वरखाली केला, आरशासमोर दोनदा वळल्या. झंपर खांद्यावरून घसरला नाही. दुसऱ्या दिवशी चिमा भांडी घासत असताना त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "माझ्याकडे मलमल पडलीय. दुसरा बेतशील?"

असं ते सुरू झालं. आधी वकिलीणबाई, मग त्यांची जाऊ, मग आळीतल्या दोघीतिघी. बाईनं बाईचं माप घ्यायचं, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. चिमाला लिहिता येत नव्हतं, टेपही तिच्याकडे नव्हती. ती सुताची एक दोरी घ्यायची आणि खांदा, छाती, बाही, लांबी अशा चार ठिकाणी गाठी मारायची. प्रत्येक बाईची वेगळी दोरी. टोकाला तिच्याच कापडाची चिंधी, म्हणजे ओळख पटायची. अशा वीसेक दोऱ्या घरातल्या खुंटीला लोंबत असत. एकदा सोनूबाईनं त्यातली एक ओढून लाकडांची मोळी बांधली. मामलेदारांच्या बायकोचं माप मोळीभोवती बघून चिमा रडकुंडीला आली.

"एवढी काय रडतेस गो?" सोनूबाई म्हणाली. "मोळी बरोब्बर बसली त्यात. बाई तेवढीच हाय."

हातानं एक झंपर शिवायला सहा दिवस लागायचे. डोळे चुरचुरायचे. सोनूबाई तोंडानं फटकळ असली तरी सुनेचे लाल डोळे तिला दिसत होते. एक दिवस सुकी मासळी घेऊन आली आणि टोपली खाली ठेवत म्हणाली, "राजीवड्यात एका बाईकडे शिवायचं यंत्र हाय. हातानं चाक फिरवते, टकाटक टकाटक. आणि तू आपली सुईनं डोळे फोडून घे."

ती बाई म्हणजे खाडीकाठच्या राजीवड्यातली रहिमा. तिचा नवरा सुलेमान आफ्रिकेच्या बोटींवर खलाशी होता. एका खेपेला त्यानं बायकोसाठी मशीन आणलं होतं. चिमा भीतभीतच तिच्या ओटीवर जाऊन उभी राहिली. रहिमा उशांचे अभ्रे शिवत होती. बाजूला आणखी अभ्रे, पडदे, चादरींचे काठ. सगळं सरळ, चौकोनी.

"झंपर नाय शिवत?" चिमानं विचारलं.

"कापायला कोण देईल?" रहिमा हसली. "कात्री हातात घेतली की माझा हात थरथरतो, बाय. कापलेलं कापड परत जुळत नाही. म्हणून मी सरळ सोडून वाकड्यात जात नाही."

चिमानं मशीनकडे बघितलं. रहिमानं चाक फिरवलं तशी सुई खडखडत धावली आणि चिमा दोन पावलं मागे सरली. "माझं बोट ओढून नेईल ते! मला कात्रीची भीती नाय, पण ह्याची वाटते."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि एकदमच हसायला लागल्या. पुढे ठरवायचं असं काही उरलंच नाही. चिमा कापायची, रहिमा टीप मारायची. सकाळची कामं उरकली की चिमा गाठोडं डोक्यावर घेऊन राजीवड्यात जायची. सहा दिवसांचं काम एका दिवसावर आलं.

झाडगावात कुजबुज झालीच. एका बाईनं वकिलीणबाईंना विचारलं, "मुसलमानाच्या घरात शिवलेलं तुम्हाला चालतं?" वकिलीणबाई म्हणाल्या, "कापड विलायतेत कुणी विणलं, ते विचारून घेतलं होतंत का?" त्या बाईनं पुढच्या महिन्यात स्वतःचं माप दिलं. तीस साली विलायती कापड टाकण्याची लाट आली आणि तिच्यासह सगळ्याच खादीचे झंपर मागू लागल्या. खादीच्या शिवणी जाड व्हायच्या, रहिमाच्या सुया मोडायच्या. चिमानं मग शिवण कडेनं पातळ कातरून बसवायची युक्ती काढली.

पण त्याआधी गंगारामची गोष्ट सांगायला हवी. अठ्ठावीसच्या शिमग्याला तो मांडवी बंदरात उतरत होता, तेव्हा आगबोटीतून धक्क्याला नेणाऱ्या पडावातच कुणीतरी त्याला डिवचलं, "काय गंगाराम, बायको शिंपीण झाली म्हणतात तुझी." तो घरी आला तो तोंड फुगवूनच. जेवला आणि हात धुतल्यावर म्हणाला, "मी मेलोय काय? लोक म्हणतील, बायकोच्या जिवावर खातो. उद्यापासून राजीवड्याला जायचं नाय."

सोनूबाई चुलीतली लाकडं पुढे सारू लागली. चिमानं वाद घातला नाही. पेटीतून तिनं एक सदरा काढून त्याच्यापुढे ठेवला. "तुमच्यासाठी केलाय. घालून तर बघा."

गंगारामनं नाखुषीनं घातला. मग सवयीनं हात वर नेला, साच्यावरचा तुटलेला धागा पकडायला नेतात तसा. त्याचे सगळे सदरे बगलेत फाटायचे, कारण दिवसभर हात वरच. हा सदरा ओढला गेला नाही. बगलेत चिमानं पतंगासारखा तिरपा तुकडा घातला होता. त्यानं पुन्हा हात वर केला. पुन्हा खाली. मग कितीतरी वेळ बगलेतली शिवण चाचपत बसला.

"गिरणीत मी हात वर करतो, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या फाटक्या सदऱ्यांनी."

गंगाराम उठून अंगणात गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "आणखी दोन कर. आमच्या मुकादमालापण एक पायजे." राजीवड्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

मुंबईला परत गेल्यावर मात्र त्याला नवाच नाद लागला. सुटीच्या दिवशी तो गिरगावात जाऊन बायकांचे झंपर बघत हिंडायचा आणि खोलीतल्या एका शिकलेल्या गड्याकडून पत्र लिहून घ्यायचा. ती पत्रं वकिलीणबाई पडवीत बसून चिमाला वाचून दाखवत. "चि. सौ. चिमास अनेक आशीर्वाद. इकडे क्षेमकुशल. यंदा बाह्या कोपराच्या वर गेल्या आहेत. खांद्याला फुगा येतो, साधारण लिंबाएवढा. श्रीमंताकडे नारिंगाएवढा." वाचता वाचता वकिलीणबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं, हसून. एका पत्रात होतं की, रस्त्यात एका म्हाताऱ्यानं छत्री उगारून 'बायकांकडे काय बघतोस रे?' असं विचारलं. 'मी म्हणालो, साहेब, फक्त बाह्या. त्यांस ते पटले नाही.'

पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्या की पत्रं उशिरानं येत. मग फुगा केवढा ठेवायचा हे चिमा स्वतःच ठरवायची.

बत्तीस साली वकिलांची मुलगी मथुरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. बारशाच्या आदल्या दिवशी चिमा गेली तर मथुराताई मुसमुसत होती. सासरहून आलेला रेशमी झंपर पलंगावर पडला होता. त्याची बटणं पाठीवर. मूल दर घटकेला प्यायला रडणार, तेव्हा भरल्या घरात पाठ सोडायची कुणी? "जुनी गाठीची चोळीच घालते," ती म्हणाली. "सगळ्या नटून येतील आणि मी बाळंतीण दिसेन."

"दिसाल तर दिसाल, बाळंतीण हायच तुम्ही," चिमा म्हणाली. "पण रडू नका. द्या तो इकडे."

रेशीम महाग, एकदा कापलं की परत जुळणारं नव्हतं. राजीवड्यात रहिमानं कापड बघितलं आणि डोळे मिटून घेतले. "तूच काप. झालं की मला हाक मार." चिमानं पुढचा भाग छातीवर दोन्ही बाजूंना उभा चिरला आणि चिरेवर चुण्यांची एकेक पट्टी अशी सोडली की खालचे हुक कुणाला दिसू नयेत. पाठीवरची बटणं काढून तिथे सरळ शिवण घातली; आता पुढचे हुक सोडले की झंपर डोक्यावरून चढायचा. मग तिनं हाक मारली आणि रहिमानं टीप मारली.

बारशाला मथुराताई दिवसभर मिरवली. मूल चार वेळा प्यायलं आणि झंपराला ते कसं जमतं, हे शेजारी बसलेल्या आत्यालाही कळलं नाही. संध्याकाळी मथुराताईनंच पट्टी उचलून ते गुपित बायकांना दाखवलं. त्यानंतर चिमाचं धुणीभांडी करायचं राहूनच गेलं, कारण वेळच उरला नाही. मालगुंडहून, खेडहून मागण्या आल्या. लोक त्याला 'बारशाचा झंपर' म्हणत. लेक माहेरी आली की डिंकाच्या लाडवांबरोबर त्याचीही तयारी व्हायची. राम आळीच्या तोंडाशी एका माडीवर दोघींनी खोली घेतली. खाली पाटी नव्हती, पण 'झंपरवाल्यांकडे' म्हटलं की कुणीही बोट दाखवायचं.

छत्तीस साली सुलेमाननं आफ्रिकेत दुकान टाकलं आणि रहिमाला बोलावणं आलं. त्या दिवसांत दोघी कामाचंच तेवढं बोलायच्या. निघायच्या आदल्या दिवशी रहिमानं मशीन पुसलं, तेल घातलं आणि चिमापुढे सरकवलं.

"हे तू न्यायचं," चिमा म्हणाली. "तुझ्या नवऱ्यानं आणलंय."

"तिकडे तो दुसरं घेईल. आता बस इथे. चाक फिरव."

"रहिमाबी, मला नाय जमत."

"दहा वर्षं मी तुझ्यासमोर फिरवलं. जमत नाही कसं? बोट माझं कधी गेलं का?"

चिमानं चाक फिरवलं. टीप सापासारखी वाकडी गेली. रहिमानं तिच्या हातावर हात ठेवला आणि दोघींनी मिळून एक चिंधी सरळ शिवली. मग दुसरी. दुसऱ्या दिवशी मांडवीच्या धक्क्यावर चिमा पडाव दिसेनासा होईपर्यंत उभी होती. घरी येऊन ती जेवली नाही, सोनूबाईनंही तिला आग्रह केला नाही. दोन महिने तिच्या टिपा वाकड्या येत होत्या. पण चिमानं वाकडी टीप एकदाही माडीखाली जाऊ दिली नाही. रात्र झाली तरी उसवून पुन्हा घालायची.

पुढच्याच वर्षी गंगारामची गिरणी बंद पडली आणि तो कायमचा घरी आला. शेत जेमतेम, अंगात पूर्वीची ताकद नाही. आठ दिवस ओटीवर बसून कंटाळला. मग एका सकाळी चिमाबरोबर माडीवर गेला आणि बटणांची काजं करायला बसला. साच्यावर तुटके धागे सांधलेला हात, काजं अशी बारीक आणि एकसारखी यायची की चिमानं आपलं काम थांबवून ती बघितली.

खालून जाणाऱ्या एकानं हाक मारली, "गंगाराम, बायकोच्या हाताखाली काय रे?"

गंगारामनं दोरा दातानं तोडला. "वीस वर्षं मुकादमाच्या हाताखाली होतो, तेव्हा नाय विचारलंस. तो शिव्या द्यायचा. ही चाय देते."

"कुठे दिलीय अजून?" चिमा मशीनवरून म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.